खोलना, जोडना

मी तापट आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणाला धक्का बसायला नको. तीस वर्षं सरकारी शाळांत पोरांना वाचायला शिकवलं, आणि त्यातली शेवटची नऊ वर्षं शिराळ्याच्या पुढं एका वस्तीवर. शाळा दोन खोल्यांची. एका खोलीत पहिली ते चौथी, म्हणजे सगळीच शाळा. दुसऱ्या खोलीत तांदळाची पोती आणि मोडकी बाकं. बरोबरचे गुरुजी निवृत्त झाले, त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. त्यामुळं मुख्याध्यापक मी, शिक्षिका मी आणि घंटा वाजवणारीही मीच.

घर मात्र सांगलीत. सोमवारी पहाटेची एस.टी. धरायची, आठवडाभर शिराळ्यात भाड्याच्या खोलीत राहायचं आणि शनिवारी परतीची वाट धरायची. गुडघे बोलायला लागले होते. नवरा फोनवर म्हणायचा, "माझ्या हातची आमटी आता मलाच गिळवत नाही. ये बाई परत." तीन वर्षं विनंती बदलीचा अर्ज भरत होते. यंदा नंबर लागणार, असं सगळे म्हणत होते. वस्तीवर मात्र मी कुणाला हूं की चूं केलं नव्हतं. सांगितलं असतं तर ओल्या हळदीचे वाटे आणि गुळाच्या ढेपा घेऊन बाया दारात येऊन बसल्या असत्या, डोळ्याला पदर लावला असता, आणि मी विरघळले असते. झाकली मूठ सव्वा लाखाची.

दिवाळीनंतर सांगलीला तीन दिवसांचं प्रशिक्षण लागलं. शिकवणारा पोरगा माझ्या मुलाच्या वयाचा. दाढी कोरलेली, हातात रिमोट. म्हणे, 'क कमळाचा' बंद करा. बाराखडीची घोकंपट्टी बंद करा. आधी आवाज ऐकवा, मग त्या आवाजाचं अक्षर दाखवा, चार अक्षरं झाली की लगेच शब्द वाचायला द्या. बरोबर उत्तराला तीन टाळ्या, चुकलं तर काहीच नाही, ओरडायचं तर मुळीच नाही. हे शेवटचं त्यानं माझ्याकडं बघून म्हटलं, असं मला तरी वाटलं.

माझं टाळकं फिरलं. इंग्रजीवाल्यांना ही थेरं हवीत, त्यांच्यात अक्षराचं नाव एक आणि आवाज दुसरा. आपल्यात क ला क म्हणतात, विषय संपला. मी तसं उभं राहून सांगितलंसुद्धा. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, तुमच्या वर्गात नुसता क दाखवला तर पोरं क म्हणतात, की कमळ?"

"क," मी ठणकावून सांगितलं.

मग त्यानं आम्हा सगळ्या पन्नाशीच्या बायाबाप्यांना शब्दातले आवाज टाळ्या वाजवून मोजायला लावले. मला विचारलं, "मॅडम, 'ऊस' ह्या शब्दात आवाज किती?"

मी म्हटलं, "कोयत्याचा धरून, का सोडून?"

सगळा हॉल खो खो हसला. चहाच्या सुट्टीत भडंगाचे बकाणे भरत मी त्या पोराची नक्कलही करून दाखवली, रिमोटसकट. उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी जुनी खोड.

आता त्या पोरीबद्दल सांगते. तिसरीत होती. बाप सैन्यात, लांब कुठंतरी बर्फात. आजोबा सैन्यातूनच सुभेदार होऊन निवृत्त झालेले, शाळेच्या पलीकडंच त्यांचं गुऱ्हाळ. मिशा अजून ड्यूटीवर असल्यासारख्या. ही नात म्हणजे त्यांचा मान आणि माझंही नाक. साहेब आले, सरपंच आले, कुणी वाट चुकून जरी शाळेत शिरलं, तरी मी हिला उभी करायची. पोरगी पुस्तक उघडायची आणि ओळीखाली बोट फिरवत असं फाडफाड वाचायची, की ऐकणाऱ्यानं खुर्चीत सरळ बसावं. सुभेदार मारुतीच्या पारावर सांगायचे, "आमची नात म्हंजे एक्स्प्रेस गाडी हाय. मधल्या ठेसनावर थांबत न्हाई."

हे त्यांचं वाक्य किती खरं होतं, ते मला जानेवारीत कळलं.

गुऱ्हाळं ऐन भरात होती. पोरं सकाळी काकवीत भाकरी बुडवून खायची आणि तेच हात घेऊन शाळेत यायची. त्या दिवशी मी हिला मुंगीच्या धड्याला उभं केलं. मुंगी जत्रेला निघते, हे पहिल्या पानावर. पुढच्या दोन पानांवर तिला वाटेत भुंगा भेटतो आणि जिलबीवरून दोघांची भांडणं होतात. चौथ्या पानावर मुंगी घरी येऊन झोपते. मी तिच्या पाठीशीच उभी होते. तिनं पहिलं पान वाचलं, पान उलटलं आणि जोरात भुंग्याचं भांडण सुरू केलं. माझं लक्ष चित्राकडं गेलं. चित्रात मुंगी पांघरूण घेऊन झोपलेली.

मला वाटलं, माझाच चष्मा बदलायला झालाय. वाकून बघितलं. मधली दोन पानं काकवीनं एकमेकांना घट्ट चिकटली होती. भुंगा आत, जिलबी आत, अख्खं भांडण आत. आणि ही पोरगी झोपलेल्या मुंगीच्या ओळींखाली ऐटीत बोट फिरवत, बंद पानांतलं अक्षर न् अक्षर मला वाचून दाखवत होती. स्वल्पविरामाला थांबतसुद्धा होती.

"बास," मी म्हटलं. पुस्तक घेतलं आणि 'घर' या शब्दावर बोट ठेवलं. "हे काय?"

ती ओठांतल्या ओठांत मुंगीच्या पहिल्या वाक्यापासून सुरू झाली. घर कधी येतंय याची वाट बघत होती. मधेच दम संपला, आणि माझ्याकडं बघत अंदाजानं म्हणाली, "जिलबी?"

फळ्यावर मी नुसता क काढला. "हे?"

"कमळ," ती म्हणाली. आणि मागून सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "कमळ!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ओरडायचं कुणावर? मी म्हणायचे, पोरं माझ्यामागून म्हणायची, शंभरदा म्हटलं की पाठ व्हायचं, आणि पाठ झालं की मी म्हणायचे, बघा कसं वाचतात. बाहेर जाऊन हापशाचं पाणी तोंडावर मारलं. तीन वर्षं ह्या पोरीला मी वाचायला शिकवलंच नव्हतं. आणि मेला तो दाढीवाला बरोबर होता, ह्याचा राग वेगळाच.

मधल्या सुट्टीत ती माझ्याजवळ आली. शहाणी पोर. आपण पाठ म्हणतो, हे तिला आधीपासून माहीत होतं. फक्त तिला वाटायचं, वाचन म्हणतात ते हेच, आणि बाकीची पोरं ते तिच्यापेक्षा कमी करतात. तरी माझा चेहरा बघून काहीतरी चुकलंय एवढं कळलं होतं. म्हणाली, "बाई, आजोबास्नी सांगू नगा. त्यास्नी लय वाईट वाटंल."

"नाही सांगत," मी म्हटलं.

"शप्पत?"

"शप्पत."

त्या रविवारी मी हिशेब घातला. बदलीचा आदेश परीक्षांच्या आसपास येणार. जूनमध्ये माझ्या जागी नवी बाई येईल, पहिल्याच दिवशी हिला उभी करील आणि विचारील, हिला शिकवलं कुणी? माझी लाज जाईल ती जाईल. पण ही पोरगी चौथीत, मग पाचवीला मोठ्या शाळेत जाईल, तिथं पुस्तकं जाड असतात, किती पाठ करणार? आणि जिवाला लावून घेणारी आहे, एकदा हसं झालं की पुन्हा पुस्तक उघडायची नाही. तीन महिने होते हातात. तेवढ्यात हिला खरंखुरं वाचता आलं पाहिजे, मग मी सुखानं सांगलीला जायला मोकळी.

मी त्या दाढीवाल्याला फोन केला. ओळख दिली, "मी कोयतावाली."

तो हसला. भला पोरगा निघाला, एकदाही टोमणा मारला नाही. म्हणाला, "मॅडम, फक्त चार चिन्हं घ्या. क, म, ल आणि काना. त्यातून किती शब्द होतात बघा. आणि एक विसरू नका. वाचून झालं की दर वेळी विचारायचं, काय कळलं? स्वतःच्या शब्दांत सांगायला लावायचं. ते सांगता आलं तरच वाचलं म्हणायचं."

त्यानं चित्रांची कार्डं पण पाठवली. पहिला घोळ त्या कार्डांनीच घातला. स शिकवायचा म्हणून त्यात वेटोळं घातलेला साप. मी कार्ड वर धरलं आणि म्हटलं, "ऐका, स्स्स. कुठलं अक्षर?"

आता नागपंचमीसाठी गाजलेल्या शिराळ्याच्या मुलखातल्या पोरांना कुणी सापाचं चित्र दाखवावं?

"बाई, ह्यो साप न्हाई. नाग हाय. फडा काढलाय की."

"म्हंजे न!" दुसरा ओरडला.

"नाग कसला, फड्यावर दहाचा आकडा कुठाय? धामण हाय ती."

"धामण फडा काढती व्हय रं, येड्या?"

"म्हंजे ध!"

पंधरा मिनिटं नुसता गोंधळ. पहिलीतल्या एका चिमुरडीनं धामणीची शेपटी कशी असते ते फळ्यावर काढूनही दाखवलं, आणि स राहिला बाजूलाच. मी सगळी कार्डं कपाटात कोंबली आणि नुसत्या आवाजावर आले. हातानं टाळ्या, तोंडानं आवाज, फळ्यावर अक्षर. ज्या टाळ्यांची मी भडंग खात टिंगल केली होती, त्याच आता दिवसातून दोनशे वेळा वाजवत होते. देव बघत असतो हो.

पोरीचे पहिले पंधरा दिवस फार वाईट गेले. पाठ म्हणायची सवय हाडीमाशी मुरलेली. 'काम' लिहिलं की क बघून कमळ म्हणून मोकळी. मी पहिला आवाज विचारला की ती माझ्या तोंडाकडं बघायची, उत्तर तिथं लिहिल्यासारखं. एकदा रडलीसुद्धा. "मला आदी येत हुतं, बाई. तुमी घालवलं." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मग एका सकाळी मी फळ्यावर दोन अक्षरांचा शब्द लिहिला आणि मुद्दाम खिडकीकडं तोंड करून उभी राहिले. पाठीमागून आवाज आला. "म. का." मग गप्प. पुन्हा, "म... का... मका!" आणि मग किंचाळलीच, "बाई, मका! मका हाय त्यो!" आणि धावत खिडकीशी आली, जणू मी तिथं उभा केलेला मका बघायलाच. "काय कळलं?" मी विचारलं. "मक्याचं कणीस कळलं," ती म्हणाली. वर्गानं तीन टाळ्या दिल्या. मी नाक शिंकरायचं निमित्त करून पदर तोंडावर घेतला.

तिथून तिनं वस्ती पिंजून काढली. खताची गोणी, ट्रॅक्टरची मागची फळी, गोळ्यांचं पाकीट, दुकानातली साबणाची वडी, सगळं तोडून तोडून वाचायला लागली. आणि इथं दुसरं संकट आलं. सुभेदार तरातरा शाळेत आले.

"आवं बाई, पोरीला काय केलंसा? एक्स्प्रेस हुती, पार मालगाडी झाली. एक वळ वाचाया अर्धा तास. पारावर मला तोंड दाखवाया जागा न्हाई."

शपथ घातलेली, त्यामुळं खरं सांगता येईना. डोक्यात काय आलं कुणास ठाऊक, मी म्हटलं, "सुभेदार, भरती झालात तेव्हा पहिल्याच दिवशी तुम्हाला गोळ्या झाडायला दिल्या का?"

"छ्या! गोळी कुठली? आदी रायफल खोलना-जोडना. सगळे पार्ट सुटे करायचे, नाव सांगायचं, परत बसवायचे. म्हैनाभर तेच. खोलना, जोडना, खोलना, जोडना. डोळ्याला पट्टी बांधूनसुदीक."

"मग? शब्दाचं तेच चाललंय इथं."

सुभेदारांचा चेहरा असा उजळला, की मलाच ओशाळल्यागत झालं. "आसं सांगा की मग! मला वाटलं, टाळ्याबिळ्या, काय भजनमंडळ काढलंय." दुसऱ्या दिवसापासून सकाळी दहाला ते कडक इस्त्रीच्या शर्टात वर्गात हजर. मी शब्द लिहायची आणि ते दारातून हुकूम सोडायचे, "सब्द! खोल!" पोरं एकेक आवाज सुटा करायची. "जोड!" पोरं एका दमात शब्द म्हणायची. मग मी विचारायची, काय कळलं? ह्या प्रकाराला शास्त्रीय नाव काय ते दाढीवाल्यालाच माहीत, आमच्या वस्तीवर त्याला आजही खोलना-जोडना म्हणतात.

मार्च संपेपर्यंत पोरगी रुळावर आली. एक्स्प्रेस नव्हे, पण बऱ्यापैकी पॅसेंजर. प्रत्येक स्टेशनाला थांबायची, पण कुठलं स्टेशन ते सांगू शकायची. जोडाक्षरांना मात्र अडायची, आणि क्ष तर तिचा जुना वैरी. एप्रिलमध्ये वाचनाच्या तपासणीला साहेब येणार, असा मोबाईलवर निरोप आला आणि मी रोज शाळा सुटल्यावर तिला अर्धा तास थांबवून क्ष घासून घेतला. ती चिंचा खात खोलायची, मी जोडून घ्यायची. एकदा सहज म्हणाली, "बाई, चौथीत आपण जाड पुस्तक वाचू, व्हय?" मी वहीत डोकं घातलं आणि तारीख घालत बसले. तिचं गुपित मी राखलं होतं, आणि माझंही.

तपासणीला निम्मी वस्ती जमली. सुभेदार पुढं, छातीवर पदकं लावून. साहेब भला माणूस, पण घाईत. दोन-तीन पोरांनी पुस्तकातलं वाचलं, साहेबांनी मान डोलावली, "छान. पण पुस्तकातलं पोरांना पाठच असतं हो."

मी तोंड उघडायच्या आत सुभेदार उठले. "सायेब, मग तुमच्या पिशवीतलं काडा. कुटलाबी कागद. आमच्या नातीनं कदी बघितलेलं नसू दे."

साहेबांना गंमत वाटली. चष्मा कपाळावर तसाच ठेवून त्यांनी बॅगेत हात घातला, वरचा छापील कागद उपसला आणि पोरीच्या हातात दिला.

"सब्द! खोल!" सुभेदार गरजले.

तिनं ओळीखाली बोट ठेवलं. "खा... ली... ल. खालील." थांबली. पुढं क्ष होता. "शि... क्षि... के... ची. शिक्षिकेची!" आणि माझ्याकडं बघून हसली. मग माझं नाव आलं. रोज फळ्याच्या कोपऱ्यात असतं ते. ते तिनं न खोलताच वाचलं. "त्यां... च्या. वि... नं... ती... नु... सार."

मला तेव्हाच समजलं तो कागद कुठला ते. साहेबांनाही समजलं असावं, त्यांचा हात चष्म्याकडं गेला. बास म्हणायला मी तोंड उघडलंही होतं. पण तिचं बोट चाललं होतं. आयुष्यात पहिल्यांदा, कुणी न पढवलेल्या ओळीखाली, चारचौघांत, एकटं चाललं होतं. ते थांबवायचं माझ्या हातून झालं नाही.

"सां... ग... ली. सांगली. ये... थे. येथे. ब... द... ली. बदली. क... र... ण्यात. करण्यात. ये... त. येत. आ... हे. आहे."

मग हुकुमाची वाट न बघता तिनं अख्खी ओळ एका दमात जोडून म्हटली, आणि कागद खाली करून टाळ्यांची वाट बघत उभी राहिली. सुभेदारांचा वर केलेला हात तसाच वर राहिला होता. बाया एकमेकींकडं बघत होत्या. आणि माझ्या तोंडातून, तीन महिन्यांच्या सवयीनं, जे निघायचं तेच निघालं.

"काय कळलं?"

ती तोंड उघडून बोलायला गेली आणि थांबली. पुन्हा कागद वर धरला. बोट मागं गेलं, 'विनंती'वर थांबलं, पुढं सरकलं. मग तिनं माझ्याकडं बघितलं. स्वतःच्या शब्दांत सांगायचं असतं, हे तिच्या पक्कं ध्यानात होतं.

"तुमी सांगलीला चाललाय," ती म्हणाली. "आनि तुमीच मागितलंय."

"बरोबर," मी म्हटलं.

बरोबर उत्तर होतं. पहिलीतल्या पोरांनी तेवढंच ऐकलं आणि मोठ्या उत्साहानं तीन टाळ्या वाजवल्या.